प्रतीकाला पगार नसतो

माझा मामा पडद्यावर 40 सेकंद दिसला. मी मोजले. मागावर उभा राहणारा माणूस सेकंद मोजायला शिकतोच, धागा तुटला की किती सेकंदात जोडायचा यावरच त्याची रोजी ठरते. 40 सेकंदांत मामा चेंबरच्या तोंडाशी बसला, कमरेला दोर बांधला, एकदा वर बघितलं आणि आत उतरला. पडदा काळा झाला. पाठीमागं सारंगी वाजली. लोकांनी सुस्कारा टाकला.

मामा माझ्या शेजारी पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "आरं, वर आल्यालं न्हाय दाखवलं."

हे सगळं त्याच्यावरच आहे. ज्यांना सिनेमाची समीक्षा वाचायचीय त्यांनी दुसरं मासिक घ्यावं.

आधी मी कोण ते सांगतो. नालासोपारा पूर्वेला राहतो, वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कापडाच्या मागावर बारा-बारा तासांची पाळी करतो. कागदावर तिला कंपनी म्हणतात. आम्ही गिरणी म्हणतो, कारण आजा गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातला एक माझा आजा. संप संपलाच नाही, आजा संपला. खोली विकून घरदार विरार लोकलनं इकडं आलं. आजा सांगायचा, आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या थुंकीनं सवर्ण साचेवाला बाटायचा. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला होता. आज मी विणखात्यात उभा आहे, पण आता धाग्याला तोंड लावावं लागत नाही. आमच्यासाठी दार उघडलं तेव्हा आतला पगारही गेला होता.

शाळा दहावीपर्यंत. बाकीचं रद्दीच्या दुकानात शिकलो. कविता करतो. पुढं या कवितेचीही झडती घेणार आहे, ती चुकवणार नाही.

आता मामा. मामा ठेकेदाराकडं आहे. सोसायट्यांच्या टाक्या, चेंबर, तुंबलेल्या लाइनी. तीनेक वर्षांमागं काही पोरं कॅमेरा घेऊन आली. चांगली पोरं होती, उगाच खोटं कशाला बोलू. मामाच्या घरी चहा प्याली, मामीच्या हातची भाकरी खाल्ली, 'जय भीम' म्हणाली. दोन दिवस मामाच्या मागं फिरली. जाताना मामाला 500 रुपये दिले आणि कुठल्याशा कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता. मग पोरं गेली ती गेलीच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोबाईलवर एक पोस्टर आलं. नाशिककडच्या एका तालुक्याच्या गावी चित्रपट महोत्सव. गावाचं नाव लिहीत नाही, कुठल्याही गावात हेच झालं असतं. पोस्टरवर दोर बांधलेली एक पाठ होती. मामीनं पाठ ओळखली. बायको पाठ ओळखते, तिला नाव लागत नाही.

मग ठरलं, जायचं. मामानं खाडा केला, मी रातपाळी बदलून घेतली. ओळखीच्या पोराची इको भाड्यानं काढली. मामा, मामी, त्यांची दोन पोरं, आई, आजी आणि मी. सात माणसं, डबे, पाण्याची कॅनं आणि आजीचं पांढरं लुगडं. आजी म्हणाली, एवढं नाशिकपातुर जातोय तर लेण्या करू. आमच्या घराण्यात फिरायला म्हणून कुणी कधी गेलं नव्हतं. आम्ही जातो ते 6 डिसेंबरला दादरला, 1 जानेवारीला भीमा-कोरेगावला, नाहीतर मयताला.

पहाटे चारला निघालो. खानिवड्याचा टोलनाका, मस्तान नाका, तिथनं उजवीकडं विक्रमगड, जव्हार, मोखाडा. घाटात उजाडलं. रस्त्यानं वारली, कातकरी, कोकणा माणसं कामावर निघालेली, बायकांच्या डोक्यावर हंडे. याच जव्हारच्या वावर-वांगणीत 1992 साली लहान पोरं भुकेनं, कुपोषणानं मेली. तेव्हाही कॅमेरे आले होते. आई खिडकीतून बघत म्हणाली, "ह्यांचा बी पिच्चर कुणीतरी काढला असंल. ह्यांना दावला असंल का?"

दोस्तहो, या लेखाचा सगळा मुद्दा माझी अडाणी आई जव्हारच्या घाटात एका वाक्यात बोलून गेली. पुढचं मी फक्त वाढवून लिहितोय.

वाटेत त्र्यंबक लागलं. दादासाहेब फाळके 1870 साली इथं जन्मले. नाशिकला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे आणि त्याला लागूनच बुद्ध विहार. आजी विहारात जाऊन बसली, मी बाहेर उभा राहून विचार करत होतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात लागला. गोष्ट काय? सत्यवचनी राजा, राज्य गेलं, बायको-पोर गेलं. आणि त्याच्या छळाची अगदी तळाची पायरी कुठली? तर स्मशानात डोंबाची चाकरी. राजाला डोंबाच्या हाताखाली राबावं लागलं म्हणून शेकडो वर्षं कीर्तनात बाया रडल्या. राजाची परीक्षा झाली, देव प्रसन्न झाला, राज्य परत मिळालं. आणि डोंब? तो तिथंच, मढी जाळत. त्याची परीक्षा कुठल्या देवानं घेतली? त्याला काय परत मिळालं? जे राजाचं संकट तेच डोंबाचं रोजचं जगणं, आणि त्याबद्दल कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. ज्या गोष्टीनं आपल्या सिनेमाचा श्रीगणेशा झाला, तिच्यातच आमची जागा ठरवून टाकली होती.

स्मशानातल्या त्या डोंबाचं पोरगं पडद्यावर नायक व्हायला 102 वर्षं लागली. 2015 साली 'मसान' आला, बनारसच्या घाटावर मढी जाळणाऱ्या घरातलं पोरगं प्रेमात पडलं, शिकलं, रडलं. तो सिनेमा काढणारे नीरज घायवान आपण दलित आहोत हे चारचौघांत सांगतात. कान महोत्सवात त्याला दोन पारितोषिकं मिळाली. 102 वर्षं! माणूस चंद्रावर जाऊन आला तरी डोंबाचं पोर पडद्यावर पोचायचं होतं.

आता महोत्सवाच्या दारात या.

दारात टेबल, टेबलामागं गळ्यात पट्टे घातलेली पोरं. "पास?" आमच्याकडं पास नव्हता. मी म्हणालो, हा माणूस आहे ना, तो पोस्टरवरचा आहे. पोरानं पोस्टर बघितलं, मामाला बघितलं. पोस्टरवर पाठ होती, मामा तोंड घेऊन आलेला. ओळख पटेना. मामा म्हणाला, "पाठमोरा हुभा ऱ्हाऊ का?" पोरगं लाजलं. शेवटी कुणीतरी मोठ्या साहेबाला विचारून आलं आणि आम्हाला आत सोडलं. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणजे पुढच्या दोन रांगा 'निमंत्रित' लिहून रिकाम्या होत्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. आजी भिंतीला टेकली.

लगेच कुणी म्हणेल, काय राव, याच्यात जात कुठनं आणली? पास सगळ्यांनाच लागतो. बरोबर. 2 मार्च 1930 ला याच नाशकात काळारामाच्या दारात आमची माणसं उभी राहिली तेव्हा दारावर जात विचारत होते. आता पास विचारतात. पास जातीवर मिळत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्याची पाठ विकून महोत्सवाचं पोस्टर रंगलं त्याला आमंत्रण नाही आणि रिकाम्या खुर्च्यांना आहे, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच शब्दकोशात बघून सांगा.

सिनेमा अर्ध्या तासाचा. खाली इंग्रजी अक्षरं. मामाचे 40 सेकंद आले आणि गेले, ते मी वर लिहिलंय. शेवटी नावं आली. कॅमेऱ्याचं नाव, आवाजाचं नाव, सारंगीवाल्याचं नाव, ज्यांनी गाडी दिली त्यांचं नाव, ज्या हॉटेलात जेवले त्याचंसुद्धा नाव. मामी अक्षरं जुळवत जुळवत वाचत होती. मामाचं नाव आलं नाही. 'आणि वसई-विरारचे सफाई कामगार' एवढं आलं.

मग चर्चा. स्टेजवर चार माणसं. एकजण चौकटीवर बोलला. एकजण अंधाराच्या सौंदर्यावर बोलला. एक बाई खरंच कळवळून बोलल्या, त्यांचा गळा दाटला होता, मी ते नाकारत नाही. मग म्हणाले, प्रश्न विचारा. मामानं हात वर केला. त्याला माईक दिला. मामा उभा राहिला, टोपी काढली. म्हणाला, "तो मी हाय. माजं नाव का न्हाय टाकलं?"

सभागृह गप्प. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अजून कळलं नाही टाळ्या कशाला. माणूस हिशोब मागतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवता?

स्टेजवरून उत्तर आलं, गोड आवाजात. दिग्दर्शक आज येऊ शकले नाहीत. पण काका, असं बघा, तुम्ही तिथं एक व्यक्ती नाही आहात. तुम्ही हजारो कामगारांचं प्रतीक आहात. नाव दिलं असतं तर ते एका माणसाचं झालं असतं.

मामा खाली बसला. मला हळूच विचारलं, "प्रतीक म्हंजी?"

मी कवी. प्रतीक म्हणजे काय हे मी रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलेला. मला सांगता आलं नाही.

आता सांगतो, मामा, ऐक. प्रतीक म्हणजे ज्याला पगार द्यावा लागत नाही असा कामगार. प्रतीकाला पीएफ नसतो. प्रतीकाच्या फुप्फुसात गॅस जात नाही. प्रतीक टाकीत उतरलं तर वर काढायची जबाबदारी कुणावर नसते, कारण पडदा काळा केला की काम झालं. हजारोंचं प्रतीक कर म्हणून तू कुणाला सांगितलं होतंस? तुझ्या आईनं तुला नाव ठेवलं. चेंबरमधनं वर ओढताना तुझा जोडीदार तुला नावानं हाक मारतो, "ए प्रतीका" म्हणत नाही.

ज्यांना हे कडू वाटतं त्यांना साधा हिशोब विचारतो. 2013 च्या कायद्यानं साधनं न देता माणसाला गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा आहे. मामाच्या तोंडावर मुखवटा नव्हता, हातात मोजे नव्हते, कमरेला सुतळीसारखा दोर. कॅमेरा समोर होता. म्हणजे कॅमेरा गुन्ह्याचा साक्षीदार. मग साक्ष कुठं दिली? पोलीस चौकीत? महापालिकेत? का फक्त महोत्सवात? गुन्ह्याचा पुरावा तीन वर्षं पेटीत घेऊन गावोगाव हिंडायचं आणि त्यावर बक्षीस घ्यायचं, ह्याला तुम्ही कला म्हणता. आमच्याकडं दुसरा शब्द आहे, संपादक छापणार नाही.

एप्रिल 2024 मध्ये विरार पश्चिमेला सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार मेले. आमच्या घरापासनं लोकलचं एक स्टेशन. त्या रात्री मामी मामाला फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. ती रात्र कुठल्या सिनेमात आहे? सुप्रीम कोर्टानं 2014 साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख द्या म्हणून सांगितलं, ऑक्टोबर 2023 मध्ये ते 30 लाख केले. मेला तर कागदावर 30 लाख. जिवंत उतरून पडद्यावर दिसला तर 500.

कुणी म्हणेल, तुम्हाला सिनेमेच नको आहेत. थांबा. मी 2014 साली व्हेनिसमध्ये गौरवलेला चैतन्य ताम्हणेंचा 'कोर्ट' बघितलाय. त्यात गटारात मेलेला कामगार पडद्यावर दिसत नाही, त्याची बायको कोर्टात साक्ष देते. तो उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे समजायचा. मी हे मामाला सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "बराबर. आमी बी तेच करतो." म्हणजे कुणीतरी नीट विचारलं, नीट ऐकलं. आणि त्यातल्या शाहीर कांबळेचं काम केलं ते चळवळीतल्या वीरा साथीदारांनी, जे पडद्याबाहेरही तेच जगले आणि एप्रिल 2021 मध्ये कोरोनानं गेले. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. ते आम्ही आमचं मानतो. भीती एकच वाटते. महोत्सवातले लोक तो दगडही टाळ्यांनी झेलतात आणि घरी दिवाणखान्यात मांडून ठेवतात.

आणि जिथं टाळ्या परवडत नाहीत तिथं कात्री असते. 2025 साली 'फुले' सिनेमा 11 एप्रिलला यायचा तो 25 एप्रिलला आला. सेन्सॉरनं 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. शब्द काढले म्हणजे वस्ती निघाली का? त्याच वर्षी नामदेव ढसाळांच्या कवितांवर बेतलेल्या 'चल हल्लाबोल'ची फाइल गेली तेव्हा, कोण हे ढसाळ, असा सवाल आल्याची बातमी महाराष्ट्रभर झाली. 1972 ला पँथर काढणारा, 1999 ला सरकारनंच पद्मश्री दिलेला माणूस. मामाचं नाव नाही म्हणून मी रडतोय, इथं ढसाळांचं नाव पुसायला निघालेत.

हा रोग जुना आहे. 1928 च्या सुमारास केरळात पहिला मल्याळी सिनेमा निघाला. नायिका पी. के. रोझी, दलित बाई. पडद्यावर तिनं नायर बाई साकारली म्हणून वरच्या जातीचे लोक खवळले, दगडफेक झाली, तिला गाव सोडून पळावं लागलं. स्वतःचा सिनेमा तिला थेटरात बसून बघता आला नाही. मामाला निदान पायरी मिळाली, ही शंभर वर्षांची प्रगती.

तिच्याच नावानं चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं 2022 पासून महोत्सव भरवला. 2019 ला न्यूयॉर्कमध्ये दलितांचा चित्रपट महोत्सव झाला. आणि आम्ही? 14 एप्रिलला डीजेला जेवढे पैसे जातात तेवढ्यात पडदा आणि प्रोजेक्टर येतो. पूर्वी जत्रेत तंबूची टॉकीज असायची, आजीनं त्यात मातीवर बसून पिच्चर बघितलेत. ती म्हणते, अंधारात कोण कुठं बसलंय कळायचं न्हाय, त्येच चांगलं हुतं. तंबू गेले. त्या तंबूवाल्यांवर निघालेला माहितीपट 2016 ला कानला दाखवला गेला. माणसाचं पोट गेलं की त्याचा सिनेमा परदेशी जातो, हा कायदाच दिसतोय.

म्हणून माझी मागणी चार ओळींची. ज्याला दाखवाल त्याचं नाव टाका. आधी विचारून टाका, त्याच्या भाषेत विचारून. त्याची मजुरी द्या, जशी सारंगीवाल्याला दिली. आणि पहिला खेळ जिथं चित्रण केलं त्या वस्तीत लावा, मग खुशाल कानला जा.

आता माझी झडती. परतीच्या रात्री घाटात सगळे झोपले होते. मामा म्हणाला, "तू बी माज्यावर कविता क्येलीस न्हवं? मागं बक्षीस मिळालं तुला." मिळालं होतं. 1001 रुपये आणि शाल. कवितेत मामाला मी 'अंधाराचा पाणबुड्या' म्हटलं होतं. लोक उठून उभे राहिले होते. मामाला ती कविता मी कधी वाचून दाखवली नव्हती. 1001 मधला एक रुपयाही त्याला दिला नव्हता. मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, तो प्रतीक आहे. पास माझ्या गळ्यात नव्हता, पण टेबलामागं मीही बसलो होतो.

तर दोस्तहो, बुद्धपौर्णिमेला आम्ही विहाराच्या भिंतीवर चादर लावली. सोपाऱ्याच्या स्तूपापासनं हे अंतर चालत जाण्याइतकं. प्रोजेक्टर भाड्यानं आणला. महोत्सवाच्या लोकांकडं सिनेमाची प्रत मागितली होती, उत्तर आलं नाही. मामीनं त्या दिवशी पायरीवर बसून मोबाईलवर पडद्याचं चित्रण केलं होतं, हलणारं, वाकडं, पुढच्या माणसाचं डोकं मधे. तेच लावलं. 40 सेकंद. मामा उतरला, पडदा काळा झाला. आणि वस्तीतली पोरं ओरडली, मामाचं नाव घेऊन, आडनावासकट. मामा चादरीसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आलो की वर."

ते नाव इथं छापायला मी त्याला विचारलं. नको म्हणाला. "ठेकेदार वाचंल. काडून टाकील कामावरनं." म्हणून छापलेलं नाही.

पण मी विचारलं.

जय भीम.